नमुना पाठवा, मांजर आजारी आहे

‘नमुना’ हा मराठीतला मोठा खट्याळ शब्द आहे. दुकानदार चाखायला देतो तो नमुना, आणि ज्याच्या वागण्याला शेंडाबुडखा नाही अशा प्राण्यालाही आपण नमुनाच म्हणतो. आमच्या पार्ल्याच्या घरात या दुसऱ्या प्रकारचा एक नमुना गेली १२ वर्षे चार पायांवर वावरत आहे. तिचे नाव ठकी. जात साधी, गल्लीतली. ऐट मात्र संस्थानिकाची. यंदा तिच्यासाठी पहिल्या प्रकारचे नमुने गोळा करण्याची पाळी माझ्यावर आली. त्या खटपटीत जे कळले ते मांजर असलेल्या घरांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे. ज्यांच्याकडे मांजर नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. फुकटाचे आमिष दाखवणारी मंडळी आधी घरात मांजर आहे का हे पाहून येत नाहीत.

तर झाले असे. पावसाळ्याच्या तोंडावर ठकी पाणी फार पिऊ लागली आणि अंगाने उतरू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि सांगितले, “मूत्रपिंडे थकली आहेत. म्हाताऱ्या मांजरांत हे पुष्कळदा दिसते. औषध देऊच, पण खरे औषध म्हणजे खाणे. फॉस्फरस कमी असलेला मूत्रपिंडाचा खास आहार सुरू करा.” त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. दुकानात चौकशी केली तेव्हा दोन किलोच्या पिशवीची किंमत दोन हजारांच्या बरीच पुढे निघाली. ‘हे’ नुसतेच “अस्सं!” म्हणाले. पेन्शनवर चाललेल्या घरात या एका उद्गारात सगळा जमाखर्च येतो.

किंमत एक वेळ सोसली असती. पण पिशवी आणली आणि बाईसाहेबांनी तोंड फिरवले तर? उघडलेली पिशवी कोणी परत घेत नाही. कुत्रा समोर पडेल ते गोड मानून घेतो. मांजराचे तसे नाही. बशीतला पदार्थ नवा आहे एवढेच कारण त्याला नकारासाठी पुरते. दाण्याचा आकार, ओलेपणा, वास, बशी थंड आहे की कोमट, प्रत्येकाबद्दल त्याचे स्वतंत्र मत असते. शिवाय आपल्या चवीवरून त्याची चव ताडता येत नाही. गोड ओळखणारी जिभेवरची यंत्रणाच मांजराच्या जातीत निकामी आहे, असे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले. दिवाळीत बेसनाच्या लाडवांच्या परातीवरून ठकी जी तुच्छतेने निघून जाते, त्याचे कारण मला तेव्हा समजले. (चिवड्यात मात्र तिला नाक खुपसू देऊ नका. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला बाधतो.)

“पोटात कावळे ओरडू लागले की खाईल मुकाट्याने,” असे आमच्या सासूबाई म्हणाल्या. चार मुले वाढवलेल्या बाईचे ते मत, आणि मुलांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण मांजराच्या बाबतीत हा हट्ट जिवावर बेतू शकतो. दोन-तीन दिवस मांजर उपाशी राहिले, आणि त्यातून ते लठ्ठ असले, तर अंगातली चरबी यकृतात येऊन साठते आणि यकृत बिघडते. डॉक्टरांनी आम्हाला बजावले होते की पूर्ण एक दिवस तिने काही खाल्ले नाही तर मला फोन करा, वाट पाहू नका. म्हणजे नवे खाणे तर द्यायचे, पण ते नाकारून ती उपाशी बसता कामा नये. या पेचातून सुटायला लहानसा नमुना हवा होता. फुकट मिळाला तर दुधात साखर. पण मुख्य गोष्ट ही की चार घासांत तिचे मत कळायला हवे होते.

इथे सासूबाईंचा दुसरा आक्षेप. आमचे घर शाकाहारी. “आपल्या वेळी मांजरे दूधभातावर वाढत नव्हती का?” असे त्या विचारीत. त्याचे खरे उत्तर असे, की ती दूधभातावर वाढत नव्हती. दूधभात आपण घालत होतो आणि ती शेजारपाजारच्या उंदरांवर वाढत होती. बहुतेक मोठ्या मांजरांना तर दूध नीट पचतही नाही. टॉरिन म्हणून एक द्रव्य आहे. ते मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही. मांस-मासळीतून घ्यावे लागते. ते कमी पडले की डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. आणि हृदयही दुबळे होऊन फुगते, हे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉक्टरांनी दाखवले. चांगल्या कॅटफूडमध्ये तेव्हापासून टॉरिन घालतात. कुत्र्याच्या खाण्यात ते मांजराला पुरेल इतके असेलच असे नाही. तेव्हा शेजारच्या कुत्र्याचे उरलेले दाणे मांजराला चालवून घेण्याची काटकसर करू नये. सासूबाईंनी हे सारे ऐकून घेतले आणि शेवटी तोडगा काढला तो असा: पाकीट गॅलरीत फोडायचे, बशी गॅलरीतच ठेवायची आणि चमचा वेगळा. आमच्याकडे हा कायदा आजही लागू आहे.

आता नमुना मागायचा कोठे? पहिले ठिकाण म्हणजे डॉक्टर. हे इतके जवळचे ठिकाण आहे, पण बहुतेकांना ते सुचत नाही. खाद्य कंपन्यांचे प्रतिनिधी औषधवाल्यांप्रमाणेच दवाखान्यांतून फिरतात आणि टेबलावर लहान पाकिटे ठेवून जातात. डॉक्टर ती आपण होऊन देतातच असे नाही, कारण दहांतले सात जण “फुकट आहे ना, मग द्या” म्हणून नेतात आणि पुन्हा तोंड दाखवीत नाहीत. मी विचारले तेव्हा आमच्या डॉक्टरांनी खणातून ५० ग्रॅमची दोन पाकिटे काढली आणि म्हणाले, “खाल्ले की नाही ते मला येऊन सांगा.” ही अट मला आवडली.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. मूत्रपिंडाचा, मूत्रमार्गाच्या खड्यांचा वगैरे जो खास आहार असतो, तो औषधासारखाच आहे. धडधाकट मांजरासाठी किंवा वाढत्या पिल्लासाठी तो ‘फुकट मिळतो’ म्हणून आणू नये. या आहाराचा जन्मच मुळी दवाखान्यात झाला. अमेरिकेत न्यू जर्सीत, जिथे आज आपली मराठी मंडळी इतकी आहेत, मार्क मॉरिस नावाचे एक पशुवैद्य होते. १९३९ साली त्यांच्याकडे एका अंध गृहस्थांचा वाटाड्या कुत्रा आला. नाव बडी, विकार मूत्रपिंडाचा. मॉरिस यांनी त्याच्यासाठी वेगळे अन्न घरी तयार केले आणि कुत्रा सुधारला. पुढे १९४८ साली कॅन्ससमधल्या हिल नावाच्या कारखानदाराने ते डब्यात भरायला सुरुवात केली. ठकीच्या बशीतल्या दाण्यांचा मूळपुरुष तो.

दुसरे ठिकाण म्हणजे स्वतः कंपनी. तिचा पत्ता शोधायला मोबाईलवर फिरू नका. तो पाकिटावरच छापलेला असतो. २०११ सालच्या वजनमाप नियमांप्रमाणे बंद पाकिटावर उत्पादकाचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि ग्राहकाने तक्रार कोठे करायची तो फोन व ई-मेल छापावा लागतो. परदेशी मालावर तो बहुधा वेगळ्या चिकटपट्टीवर असतो, आणि अक्षर इतके बारीक की चष्म्यावर भिंग धरावे. पण तो पत्ता खरा. चिरंजीवांनी मोबाईलवर ‘मांजराचे खाणे, मोफत नमुना’ असे लिहून शोधले तेव्हा वीसेक ठिकाणे निघाली. त्यांतली निम्मी कंपन्यांची नव्हतीच. मी दुकानात गेले, तीन कंपन्यांच्या पाकिटांवरचे पत्ते वहीत उतरवून घेतले आणि तिघांना एकच मजकूर धाडला. तो इथे देते:

“स. न. वि. वि. आमच्याकडे ठकी नावाची देशी मांजरी आहे. वय १२ वर्षे, वजन ३ किलो ४०० ग्रॅम, नसबंदी झालेली. सध्या कोरडे दाणे खाते, मासळीच्या चवीचे. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा आहार सांगितला आहे. चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे. आपल्या या आहाराचा एक कोरडा व एक ओला असा लहान नमुना मिळू शकेल काय? तिने तो घेतल्यास पुढे नियमित खरेदी करण्याचा विचार आहे. नमुना देण्याची पद्धत नसल्यास या आहाराचे सर्वांत लहान पाकीट पार्ले-अंधेरी भागात कोठे मिळेल ते कृपया कळवावे.”

शेवटचे वाक्य मुद्दाम पाहा. नमुना नाही असे म्हणून पत्र केराच्या टोपलीत टाकणे सोपे असते. पण ‘कोठे विकत मिळेल’ या प्रश्नाला उत्तर न देणे कोणत्याही विक्रेत्याला जड जाते. तिघांपैकी एका कंपनीने अकराव्या दिवशी दोन पाकिटे घरपोच पाठवली. दुसरीने नमुने नसल्याचे कळवले, पण ४०० ग्रॅमचे पाकीट ठेवणाऱ्या दुकानाचा पत्ता दिला, आणि दोन हजारांच्या जागी काहीशे रुपयांत काम भागण्यासारखे झाले. तिसरीकडून अजून काही आलेले नाही. ‘आम्हाला मांजर आवडते, काहीतरी पाठवा’ अशी पत्रे त्या लोकांना ढीगभर येत असणार. वय, वजन, दुखणे आणि चिठ्ठी असली म्हणजे पत्र वाचणाऱ्याला खरे मांजर डोळ्यांपुढे दिसते.

तिसरे ठिकाण प्राण्यांच्या सामानाचे दुकान. वितरक दुकानदाराला मालाबरोबर नमुने देतात. ओळखीचे गिऱ्हाईक असाल तर ते मागून मिळतात. आमच्याकडच्या एका दुकानात मात्र ‘विक्रीसाठी नाही’ असे छापलेले पाकीट मला दहा रुपयांना देऊ केले गेले! मी बोट ठेवून ते शब्द मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा ते पाकीट फुकट झाले. मोठ्या पोत्यातून काढून साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले दाणे मात्र नमुना म्हणूनही घेऊ नयेत. त्यावर ना तारीख, ना नाव. हवेला उघडे राहिलेले दाणे खवट होतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही. मुंबई-पुण्याला मांजरांची प्रदर्शने भरतात, तिथे कंपन्यांच्या टेबलांवर नमुने वाटतात. पण तिथे जे असेल ते मिळते, हवे ते मिळेल असे नाही. आम्ही गेलो नाही. ठकीला टोपलीत घालून गर्दीत नेणे म्हणजे नमुन्यासाठी दोन माणसांचे हात ओरबाडून घेणे.

आता शेजारच्या वहिनींची हकिगत. त्यांच्याकडे दोन बोके. एके सकाळी त्यांच्या मोबाईलवर एक निरोप आला: एका नामांकित कंपनीच्या वर्धापनदिनानिमित्त मांजराच्या खाण्याची तीन किलोची पिशवी मोफत, फक्त घरपोच आणण्याचे ४९ रुपये भरा आणि हा निरोप दहा गटांत पाठवा. खाली चित्र सुरेख, आणि ‘आता फक्त सातच पिशव्या शिल्लक’ म्हणून आकडा उलटा धावतो आहे. वहिनींनी कार्डाचा आकडा भरला, मोबाईलवर आलेला ओटीपीही भरला. ४९ ऐवजी ८,९०० रुपये गेले. नशीब असे की त्या रडत बसल्या नाहीत. आमच्या चिरंजीवांनी लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवायला लावली आणि बँकेला कळवून कार्ड बंद करवले. पैसे पुढच्या खात्यातच अडवले गेले. सायबर फसवणुकीसाठी सरकारने चालवलेला हा क्रमांक देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. तक्रार जितकी लवकर होईल तितकी पैसे अडण्याची आशा अधिक.

कोणी म्हणेल, टपालखर्च मागितला म्हणजे फसवणूकच का? पूर्वीच्या मासिकांतल्या जाहिरातींत ‘टपालखर्चासाठी तिकिटे पाठवा, नमुना मोफत’ असे छापलेले असे आणि लोक पाठवीत. खरे आहे. पण त्या वेळी चार तिकिटे पाकिटात घातली की फार तर चार तिकिटे बुडत. आज चाळीस रुपये देण्यासाठी आपण तिजोरीची किल्ली दाखवतो. म्हणून माझे मत असे, की नमुन्यासाठी कार्डाचा आकडा मागणाऱ्याकडे जाऊच नये. नमुना इतका महत्त्वाचा वाटत असेल तर लहान पाकीट विकत घ्यावे. ‘आमच्याकडून रक्कम घेण्यासाठी तुमचा पिन टाका’ असे कोणी म्हटले तर तो ठक समजावा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. ‘नमुन्यासाठी हे ॲप उतरवून घ्या’ म्हणून निरोपातून काही आले तर तेही उघडू नये.

वहिनींचा तो निरोप मी नंतर शांतपणे वाचून पाहिला. त्यात नाव, जन्मतारीख, फोन, कार्ड, सारे विचारले होते. बोक्याचे वय मात्र कोठेच विचारले नव्हते! डॉक्टर, कंपनी, दुकानदार, या सगळ्यांनी पहिला प्रश्न केला होता तो मांजर केवढे आहे आणि काय खाते हा. घरी पाकीट धाडायचे तर नाव, पत्ता, फोन लागणारच. पण आधार कार्ड किंवा बँकेचे खाते यांचा मांजराच्या पोटाशी काय संबंध?

नमुना हाती आला म्हणजे काम संपत नाही. आधी तारीख पाहावी. वाटायचे नमुने पुष्कळदा मुदत संपत आलेले असतात. चार किलोच्या मांजराला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम कोरडे दाणे लागतात, म्हणजे आपले पाकीट एका दिवसाचे. ते एका दिवसात संपवू नये. जुन्या खाण्यात चिमूटभर नवे मिसळावे आणि सात-दहा दिवसांत हळूहळू प्रमाण वाढवावे, नाहीतर पोट बिघडते आणि दोष त्या खाण्यावर येतो. म्हणून एकाच खाण्याची दोन पाकिटे मिळाली तर पाच तऱ्हांच्या पाच पाकिटांपेक्षा बरी. ओले खाणे शीतकपाटातून काढले तर कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून मग द्यावे. वास सुटला की मांजर येते. नव्या खाण्यात गोळी दडवू नये. आणि डॉक्टरांनी सांगितलेली सर्वांत मोलाची गोष्ट: मांजराला मळमळत असताना नवे खाणे दाखवूच नये. त्या मळमळीचा आळ ते त्या खाण्यावर घेते आणि पुढे बरे झाले तरी ते तोंडात घेत नाही. आम्ही आधी औषधाने तिची मळमळ थांबू दिली, आणि मगच पाकीट फोडले.

ठकीने पहिल्या नमुन्याचा वास घेतला आणि मागचा पाय झाडला, जसे काही तिथे माती ओढायची आहे. दुसरा तिने दोन दिवस चाटला आणि सोडून दिला. या सगळ्या काळात जुने खाणे बाजूला होतेच, त्यामुळे ती उपाशी राहिली नाही. कंपनीकडून टपालाने आलेल्या पाकिटांतले कोरडे दाणे तिने नवव्या दिवशी निव्वळ, म्हणजे जुन्याची भेसळ नसताना, खाल्ले. सासूबाई गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. “खाते आहे गं,” त्या आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, अगदी हळू, तिला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

त्यानंतर मी ४०० ग्रॅमचे पाकीट आणले, ते संपल्यावर दोन किलोची पिशवी. दसऱ्याच्या आधी पुन्हा रक्त तपासले; आकडे फारसे उतरले नाहीत, पण वाढलेही नाहीत, आणि वजन १५० ग्रॅमने भरले. या वयात एवढे पुष्कळ, असे डॉक्टर म्हणाले. पहिल्या दोन नमुन्यांचा निकालही मी त्यांना कळवला. उरलेले अर्धे पाकीट त्यांनी दुसऱ्या एका मांजरासाठी ठेवून घेतले. परवा कंपनीकडून एका मुलीचा फोन आला होता, नमुना कसा वाटला म्हणून. मी पुरणाच्या डाळीत गुंतले होते, म्हणून सासूबाईंनी घेतला. दाणा थोडा लहान करा, म्हातारीला दात राहिलेले नाहीत, असे त्यांनी तिला पाच मिनिटे समजावून सांगितले. आणि ती पोर बिचारी शेवटपर्यंत ‘हो आजी, हो आजी’ करीत होती.